दोन मशीनची शर्यत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, आणि लाज याची वाटते की सांगतानाही अंगात तोच जोश चढतोय.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत आमचा कपड्यांचा कारखाना. ऑर्डरी, माल, पगार, सगळा डेटाबेस नव्या सर्व्हरवर जायचा होता. मशीन चालवणारी प्रणाली कोणती ठेवायची, लिनक्स की विंडोज? मी नुकताच लिनक्स शिकलो होतो. काळा पडदा, एक ओळ टाइप केली की अख्खं मशीन ऐकतं! चाळिशी उलटल्यावर कुणी असं प्रेमात पडतं का? मी पडलो होतो.

सहकारी फिरोजभाई, अकोल्याचे, विंडोजवाले. "भाऊ, तुमी सुट्टीवर गेले त त्या काळ्या पडद्याले कोन समजावन?" असं चिडवायचे. मालक म्हणाले, दोन सारखी मशीनं घ्या, दोन्हींवर एकच काम चालवून शर्यत लावा. जिंकेल त्याच्या हाती सर्व्हर. आमची पैज वेगळी — हरणाऱ्यानं सगळ्यांना सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, खाऊ घालायची.

शर्यतीचा दिवस शुक्रवार. फिरोजभाई नमाजला निघाले. "माह्या मशीनवर लक्ष ठेवजा, भाऊ."

ठेवलं — कसं ठेवलं? विंडोजचा अँटिव्हायरस उघडणारी प्रत्येक फाइल तपासतो. डेटाबेसच्या फायली त्यातून वगळाव्या लागतात, नाहीतर मशीन रखडतं. त्यांनी त्या नीट वगळल्या होत्या. मी ती सूट काढून टाकली. छाती धडधडत होती. भीतीनं? नाही हो — आनंदानं!

ते परतल्यावर शर्यत सुरू झाली. त्यांचं मशीन रखडलं, माझं सुसाट सुटलं. मी टाळ्या पिटल्या. "असं कावून होऊन राहिलं?" एवढंच ते बोलले, आणि आपण हरलो हे मालकांना सांगायला स्वतःच गेले. तेवढ्यात मी सूट परत लावली. नंतर त्यांनी सगळं तपासलं. चूक सापडली नाही, म्हणून ती स्वतःवर घेतली. सोमवारी घरून सांबारवडी आणली. मी मागून मागून खाल्ली.

खरी शर्यत झाली असती तर कोण जिंकलं असतं? माहीत नाही. मी ती कधी लावलीच नाही.

फिरोजभाई आता अकोल्यात कॉम्प्युटरचे क्लास घेतात. मागच्या महिन्यात एका लग्नाला गेलो, तेव्हा त्यांनी हौसेनं वर्गात नेलं. "डेटाबेस कंदी विंडोजवर ठेवू नका, पोरांनो. मी सोता हरलो हाये. इचारा आमच्या भाऊले."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला.

मी मान डोलावली.