चतुर्दशीची खांड

काळूराम गोवारी त्या दिवशी पहाटे साडेतीनला उठला. आश्विनातली चतुर्दशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब बापाने त्याला बोटांवर शिकवला होता. चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला भरती, म्हणजे सव्वाचारला पाणी तळाला. पाणी तळाला असताना बांधाचा पाय उघडा पडतो. तेव्हा तो बघायचा, खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवायची आणि उजाडायच्या आत घरी यायचं. ही त्याची नोकरी. महिना नऊ हजार.

आदल्या दिवशी बांधाचा कारभार बघणाऱ्या निकेशने त्याला सांगितलं होतं, "काळूकाका, दोन दिवस तुमी बांधावर येऊ नका. घरी बसा. पगारी रजा." काळूरामला चौसष्ट वर्षांत पगारी रजा कोणी दिली नव्हती. माणूस चेष्टा करतोय असं समजून तो नेहमीसारखा फावडा घेऊन निघाला.

कामोठ्याच्या मागल्या अंगाला, इमारती संपतात तिथे खाडीकाठी गावाचं खाजण, भरतीच्या पाण्याची खारी जमीन, आहे. पूर्वी तिथे मिठागर होतं. काळूरामने बाराव्या वर्षापासून तिथे मीठ ओढलं. मिठागर बंद पडलं तेव्हा तो द्रोणागिरीच्या गोदामात गोणी उचलायला गेला आणि बावीस वर्षं उचलल्या. तेवढ्या वर्षांत मिठाच्या वाफ्यांत पाणी साठलं, कडेला तिवरं वाढली, थंडीत पाखरं उतरू लागली. गावाने ठराव करून ती साठ एकर पाखरांसाठी राखली. नव्या सोसायट्यांतली माणसंही त्यात आली. खाजण राखण मंडळ झालं. पालिका मंडळाला दरसाल थोडा निधी द्यायची, त्यातून राखणदाराचा पगार निघायचा.

खाजणाचा जीव बांधात होता. बांध शाबूत तर आत गुडघाभर पाणी, आणि गुडघाभर पाणी तर पाखरं. बांध फुटला की भरतीला सगळं बुडतं, ओहोटीला सगळं कोरडं पडतं. काळूरामने चार वर्षांत बांध एकदाही फुटू दिला नव्हता.

यंदा पालिकेने नियम बदलला. राखणीला निधी नाही, दुरुस्तीला आहे. बांध फुटला असेल तर अभियंता येऊन बघेल आणि बारा लाख मंजूर होतील. फुटला नसेल तर काहीच नाही. काळूरामचा चार महिन्यांचा पगार त्यामुळे अडकला होता. त्याने तो दोनदा मागितला. निकेश मंडळाचा अध्यक्ष. भरणीच्या मातीचा धंदा, दारात स्वतःचा जेसीबी. तो म्हणाला होता, "निधी आला की पैला तुमचा पगार."

चार वाजता काळूराम बांधाच्या वळणावर पोचला आणि त्याला बांधाला पडलेली खांड दिसली. चार हात रुंद, कंबरेइतकी खोल. कडा फावड्याने कापल्यासारख्या सरळ होत्या. पाण्याने फोडलेल्या बांधाच्या कडा अशा नसतात, हे त्याला दिसलं. पण तो त्यावर विचार करत बसला नाही. साडेदहाला उधाणाचं पाणी येणार होतं. उद्या पौर्णिमा, त्याहून मोठं. चार हातांची खांड दोन भरत्यांत चाळीस हातांची होते.

त्या बांधाचा एक रिवाज होता. एकवीस घरांनी तो मिळून राखायचा, त्याला जोळ म्हणत. खांड ज्याला पहिली दिसेल त्याने बोंब ठोकायची, घरटी एक माणूस फावडा घेऊन धावायचा आणि खांड बांधून होईपर्यंत कोणी पाठ फिरवायची नाही. काळूराम गावाच्या कडेला आला आणि पत्र्याच्या डब्यावर दगडाने वाजवू लागला. "खांड पडलीय. जोळाची माणसं चला." चौदा वेळा वाजवलं. एक दिवा लागला आणि विझला. कोणी आलं नाही.

आली ती त्याची बायको मालू. दोन घमेली आणि पेंढ्याचा भारा घेऊन.

"बाकीचे?" तिने विचारलं.

"झोपलेत."

"एवढे?"

तिवराच्या सुक्या फांद्यांचे खुंट करून त्याने खांडीत दोन रांगा ठोकल्या. मग एक थर पेंढा, एक थर चिखल, वर पायाने तुडवण. चिखल आतल्या बाजूचाच घ्यायचा, पण बांधाच्या पायापासून सात पावलं सोडून. जवळचा काढला तर पाय पोकळ होतो. घाईतही त्याने सात पावलं सोडली. तो भरायचा, मालू वाहायची. ती साठीची, तो चौसष्टचा. भरलेलं घमेलं दहा किलोच्या खाली येत नाही. सहा वाजता मालू चिखलात बसली.

"अवो, कंबर गेली."

"मग बसून भर. मी वाहतो."

तिने बसून भरलं. आठ वाजता खांड बंद झाली. त्याने आणखी एक हात उंची चढवली, कारण ताजा चिखल बसतो. दोनशे ऐंशी घमेली. त्याने मोजली होती. गोदामात मोजायची सवय लागली होती, तिथे न मोजलेल्या गोणीचे पैसे मिळत नसत.

साडेदहाला पाणी आलं. बांधाच्या माथ्याखाली एक वीत राहिलं, तिथेच थांबलं. खांडीतून थेंब आला नाही.

अकराला पालिकेचा अभियंता आला. राजस त्याचं नाव, तिशीच्या आतला. त्याच्याबरोबर निकेश आणि मंडळाची सचिव रंजिता. रंजिता टॉवरमध्ये राहायची, गळ्यात कॅमेरा, पाखरांची शिरगणती तिच्याकडे. निकेश आणि ती बोलत बोलत आले आणि वळणावर येऊन थबकले.

"फुटलाय कुठे?" राजसने विचारलं.

निकेशने काळूरामकडे बघितलं. काळूराम मानेपर्यंत चिखलाने माखलेला, मालू बाजूला पाय पसरून बसलेली.

"इथे हाय साहेब," निकेश म्हणाला. "यांनी नुसता चिखल थापलाय. तात्पुरता. उद्याच्या उधाणात जाणार."

राजसने बुटाची टाच मारून बघितली. खाली वाकून हात लावला. "कधी बांधलंत?"

"आज. चार ते आठ."

"किती जणांनी?"

"मी आन ही."

"हे म्हणतायत उद्या जाईल. जाईल का?"

निकेश राजसच्या मागे उभा होता. त्याने काळूरामला मान हलवून खूण केली, हो म्हण. खूण काळूरामला दिसली. कळलीसुद्धा. सरळ कापलेल्या कडा, पगारी रजा, डबा वाजवूनही न आलेली माणसं, सगळं त्याला तेवढ्या वेळात कळलं. एक शब्द बोलायचा होता. पण त्याने जन्मात स्वतःच्या कामाला कच्चं म्हटलं नव्हतं. मुकादमाने शिव्या घातल्या तरी नाही, पोट उपाशी असताना नाही.

"नाय जायाचा," तो म्हणाला. "माझा हात हाय."

राजस हसला. त्याने नवरा-बायकोला बांधावर उभं करून फोटो काढला, तारीख-वेळेसकट. मग कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं: बांध सुस्थितीत, दुरुस्तीची आवश्यकता नाही. जाताना म्हणाला, "आजोबा, असं काम हल्ली बघायला मिळत नाही."

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात मंडळाची बैठक भरली. एकवीस घरांची माणसं होती, सोसायट्यांची दहा-बारा. काळूरामला खाली बसवलं. आजवर तुमी म्हणणारा निकेश आज तू म्हणाला.

"तुला घरी बसायला सांगितला होता ना?"

"मी डबा वाजवला. कोण आला नाय."

"ऐकला सगल्यांनी. मी पन ऐकला. उठायचं नाय असंच ठरलं होतं."

काळूरामने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. त्यातल्या सहा जणांबरोबर त्याने मीठ ओढलं होतं. एकजण नखं बघत होता.

"मला का नाय सांगितलंत?"

"सांगून तू ऐकला असतास?"

ते खरं होतं.

"काका, तुमच्या मेहनतीबद्दल वादच नाही," रंजिता म्हणाली. "पण मेहनतीलाही टायमिंग असतं ना. बारा लाखांत बांध झाला असता, वॉच टॉवर झाला असता. तुमचा पगारही सुटला असता. पर्सनल घेऊ नका, पण पाखरांचं नुकसान तुम्ही केलंत."

"किती घमेली टाकलीस?" निकेशने विचारलं.

"दोनशे ऐंशी."

"मोजलीस पन? शाबास. बघा रे कोणी, बारा लाख भागिले दोनशे ऐंशी."

मागून एकाने मोबाइलवर करून सांगितलं, "चार हजार दोनशे पंच्याऐंशी."

"एवढं महाग घमेलं मुंबईत नाय मिलायचं. मालूकाकीला सोन्याचं करून दे एक."

लोक हसले. नखं बघणाराही हसला. मग ठरलं की उद्या बांध पुन्हा फोडायचा, जरा मोठा, आणि पालिकेला कळवायचं की उधाणात गेला. निकेशने फावडा काळूरामपुढे सरकवला. "तुझा हात हाय ना? तूच फोड."

"माझा फावडा भरायला हाय," काळूराम म्हणाला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. भरती सव्वाअकराची. पहाटे पाचला जेसीबी नेला असता तर तासाभरात काम आटोपलं असतं. पण निकेशचा ऑपरेटर नऊला येतो, नाश्ता करून दहाला मशीन चालू करतो. साडेदहाला त्याने खांड उकरली तेव्हा पाणी बांधाला टेकलं होतं. उकरलेल्या जागेतून उधाण आत घुसलं, दोन्ही कडा घेऊन गेलं आणि बांध जेसीबीच्या मागच्या चाकांखालून सुटला. ऑपरेटर उडी मारून वाचला. मशीन केबिनपर्यंत चिखलात गेली. संध्याकाळच्या ओहोटीला खांड मोजली तर चाळीस हात भरली. खाजणातलं पाणी रात्रीतून खाडीत गेलं. सकाळी निवट्या आणि बोटाएवढी मासळी चिखलात तडफडत होती. बगळ्यांनी दोन दिवस खाल्लं आणि तेही गेले.

जेसीबी काढायला द्रोणागिरीहून ट्रेलरवर पोकलेन आणावा लागला. त्याला तीन ओहोट्या लागल्या.

राजस आला तेव्हा मशीन अजून चिखलात होती. त्याने आधीचा फोटो काढून शेजारी धरला. "हा बांध पाण्याने फुटलेला नाही," तो म्हणाला. "फोडलेला आहे." दुरुस्तीचा निधी फोडलेल्या बांधाला मिळत नाही. तोही कागद त्याने जागेवरच लिहिला. काळूरामकडे त्याने या वेळी बघितलं नाही. राजसला वाटलं, हाही त्यातलाच.

पुढच्या बैठकीला पोकलेनवाला दारात उभा होता. छत्तीस हजार मागत होता. मंडळाच्या पेटीत सोसायट्यांनी त्याच आठवड्यात दिलेल्या वर्गणीचे तेवढेच होते, आणि ते काळूरामच्या चार महिन्यांच्या पगारासाठी राखले होते.

"हा पहिल्या दिवशी हो म्हणाला असता तर जेसीबी आणायलाच लागला नसता," निकेश म्हणाला. "तेव्हा भाडं त्याचं."

"काका, तुम्ही काय म्हणता?" रंजिताने कागद पुढे केला. त्यावर आधीच लिहिलं होतं: पगार मिळाला, तो मी स्वखुशीने मंडळास देत आहे.

काळूरामने कागद वाचला. "पैसे घ्या," तो म्हणाला. "पन मला माणसं द्या. येत्या अष्टमीला भांग हाय, पाणी कमी चढतं. दुपारी बाराला ओहोटी. एकवीस घरांची एकवीस माणसं, एक ओहोटी. खुंट मी तोडून ठेवतो. चाळीस हात बांधून देतो."

मग निकेश म्हणाला, "दिली."

"सगल्यांनी सांगा."

एकवीस जणांनी मान हलवली. त्याने प्रत्येकाची मान बघितली आणि सही केली. पोकलेनवाल्याने तिथेच नोटा मोजून घेतल्या.

सहा दिवस तो खुंट तोडत होता. तिवराला हात न लावता, गावातल्या बाभळींचे, तीनशे दहा खुंट, एका टोकाला धार काढून. मालूने अठरा भारे पेंढा नेऱ्याहून टेम्पोत आणला. टेम्पोच्या भाड्याला कानातलं विकलं.

अष्टमीला अकरा वाजता दोघं खांडीवर गेली. बारा वाजले. पाणी तळाला गेलं. गावाकडच्या वाटेवर कोणी नव्हतं. काळूरामने डबा वाजवला.

"अवो, नका वाजवू," मालू म्हणाली. "ऐकू गेलाय त्यांना."

त्याने डबा ठेवला आणि खुंट ठोकायला घेतले. ती पेंढा पसरू लागली. तीन वाजेपर्यंत दोघांचं नऊ हात काम झालं. साडेतीनला पाणी खांडीत शिरलं आणि चारपर्यंत ते नऊ हातही गेले.

गावात तोवर निकेशचा जेसीबी धुऊन पुसून दुसऱ्या भरणीवर कामाला लागला होता. त्याला चिखलातून वर काढायला काळूराम गोवारीची चार महिन्यांची मजुरी लागली.