तायडे जमादारांची बदनामी

"सर, मी समुद्री डाकू झालो. पन माह्या मागं कोन लागलं, हे काई मले समजून नाई राहिलं."

अकोल्याच्या त्या कॉलनीत मी राहायला गेलो, त्यानंतरच्या पहिल्या रविवारची दुपार. जेवून जरा आडवा होणार तोच दार वाजलं. उघडलं तर समोर साठीचे एक गृहस्थ. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात काळे बूट, कातरलेल्या मिशा, काखेत लांबट वही. आणि तोंडी हे वाक्य. मी त्यांच्या डोळ्यांत वेडाची काही झाक दिसते का ते पाहिलं. दिसली नाही. शेजारच्या घरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "सरायले आधी नाव सांगा नं तुमचं!"

नाव तायडे. मूळचे दर्यापूरकडचे. पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी जमादार म्हणून निवृत्त झालेले. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं स्वतःसाठी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना घरी आणून ठेवला. त्यात हा खेळ होता. अथांग समुद्र, आपलं एक जहाज, पाहिजे तिकडे जावं, दिसेल ते गलबत लुटावं. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो हे त्यांना कळलं होतं, म्हणून फिर्याद माझ्याकडे आली होती.

त्यांच्या बैठकीत निळ्या कोटातल्या तसबिरीखाली कॉम्प्युटर मांडलेला होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल पट्टी होती आणि तिच्याखाली एक इंग्रजी शब्द. जमादारांनी त्यावर बोट ठेवलं. "हे का असते हो?"

"कुप्रसिद्धी," मी म्हणालो. "तुम्ही जेवढी जहाजं लुटाल तेवढी ही पट्टी वाढते. भरत आली की तुम्हाला पकडायला शिकारी जहाजं सुटतात."

त्यांचा चेहरा उजळला. "असं सांगा नं! म्हंजे मी रेकॉर्डवर आलो!"

त्या दिवसापासून मी त्यांचा दुभाष्या झालो. एक सांगायला हवं, की या माणसानं समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही नीट नाही. उमेदीत एकदा मुंबईला बंदोबस्ताला पाठवलं, चौपाटीवर उभं केलं. गर्दीकडे तोंड ठेवायचा हुकूम होता. "दिवसभर समुद्र पाठीमागं होता," ते म्हणत. "आवाज ऐकला फक्त. वळून पाह्यलं असतं तं मेमो भेटला असता."

खेळायची त्यांची एक रीत होती. दुपारी जेवण झालं की बूट घालून खुर्चीत बसायचे. चपला घालून डाका घालणं त्यांना पटत नसे. प्रत्येक लुटीनंतर खेळ थांबवून वहीत पंचनामा लिहायचे. मी तो वाचलाय. "दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. दक्षिणेकडील बेटानजीक व्यापारी गलबत एक. इसम शरण आले. जीवितहानी नाही. हवा स्वच्छ." अक्षर असं की छापखान्यानं लाजावं.

बाकी लोक असले खेळ लुटीसाठी खेळतात. जमादारांचं सगळं लक्ष त्या लाल पट्टीवर. त्यांचा सिद्धांत होता, "बदनामी गुन्ह्यानं नाई वाढत सर, साक्षीदारानं वाढते." म्हणून ते किल्ल्याच्या नजरेत कधी हल्ला करत नसत. एका वाटेवर लागोपाठ दोनदा जात नसत. पट्टी अर्ध्यावर आली की जहाज एखाद्या निर्जन खाडीत नेऊन उभं करायचे आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचे. पडद्यावर नुसतं पाणी हलतंय. मी विचारायचो, "काय चाललंय, काका?"

"फरार हाय सध्या."

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायको, कुसुमकाकू, म्हणायच्या, "घरातल्या घरात फरार हायेत. गिरनीतून दयन आनाचं असलं का सापडतच नाईत."

पट्टी उतरवायचा सोपा उपायही खेळात होता. बंदरावर एक अधिकारी बसलेला असायचा, त्याच्या हातावर काही ठेवलं की तो तुमचं नाव खोडायचा. मी सुचवून पाहिलं. जमादारांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागे सरकवली. "बत्तीस वर्सं घेतली नाई, सर. आता म्हातारपनी देऊ?" लुटालूट चालते, लाच चालत नाही, असा हा डाकू. त्यामुळे त्यांची पट्टी उतरायला इतरांच्या दसपट वेळ लागायचा.

एके दिवशी ती पूर्ण उतरली. पडद्यावर एक ओळ आली आणि शिकारी जहाजं वळून परत निघाली. जमादारांनी ओळ वाचायला सांगितली. मी म्हणालो, "लिहिलंय, तुमचा पाठलाग सोडून दिला आहे. लोक तुम्हाला विसरले."

"पुरे इसरले?"

"पूर्ण."

"आन त्याहिच्या वहीतलं नाव?"

"निघालं."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं खूश होतील. पण वहीत काहीच न लिहिता त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. चहा झाल्यावर म्हणाले, "सोळा वर्सं मी ठान्यात गुंडाईचं रजिस्टर लिवलं, सर. नाव चढवाले एक ओळ लागते. माह्या हातानं नाव उतरलं ते एकाच कारनानं, मयत. जित्त्या मानसाचं नाव मी कदी खाली आनलं नाई. कोनी सांगतलंच नाई, आन मीबी इचारलं नाई."

त्या रजिस्टरातलं एक नाव त्यांना झोंबत होतं. वासुदेव टेकाडे. तेल्हाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या जिथे थांबतात तिथे त्याची उसाच्या रसाची गाडी होती. बाविसाव्या वर्षी तो वस्तीच्या गणपतीपुढे लेझीम खेळायचा. एका विसर्जनाला दोन मंडळांत मारामारी झाली. ठाणेदारांनी दोन्हीकडची दोन-दोन नावं मागितली. एका बाजूचं दुसरं नाव वजनदार घरातलं निघालं, ते गळालं, आणि जागा भरायला वासुदेवचं लिहिलं गेलं. त्यानंतर चौतीस वर्षांत त्याच्यावर साधी तक्रार नव्हती. पण नाव वर होतं. त्यामुळे दर निवडणुकीला, दर गणपतीला, प्रतिबंधक कारवाई म्हणून त्याला ठाण्याच्या आवारात आणून बसवायचे. चौतीस विसर्जनं त्यानं आवारातल्या कडुनिंबाखाली बसून, लांबून येणारा ढोलांचा आवाज ऐकत काढली.

"मीच बसवत होतो त्याले," जमादार म्हणाले. "चहा पाजत होतो वरून. चहा पाजला का मानसाले वाटते, आपन लई चांगले."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन त्या गाडीवर गेले. वासुदेव गुडघ्यावर पंचा टाकून ऊस सोलत होता. जमादारांना पाहताच सवयीनं उठून उभा राहिला. "कोनती तारीख हाय, साहेब? आत्ता तं निवडनूक नाई."

"बस. मी रिटायर झालो." जमादारांनी घसा साफ केला. "वासुदेव, तुयं नाव मी चढवलं होतं."

"माईत हाय नं. एका साहेबानं रजिस्टर दाखवलं होतं मले, लई आधी." त्यानं दोन गिलास पुढे केले. "लई सुंदर अक्षर हाय तुमचं."

जमादारांनी रसाचा गिलास न पिताच गाडीवर ठेवला. शेवटी म्हणाले, "खरंखरं सांग. तू मारलं होतं का कोनाले?"

"एक काठी मारली होती. लागली नाई. नेम चुकला."

अर्ज जमादारांनी स्वतः लिहिला, चार पानी, आणि वासुदेवला घेऊन ठाण्यात गेले. मीही होतो. ठाणेदार नवे होते, तिशीचे, कामात बुडालेले. वर न बघताच म्हणाले, "चौतीस वर्षं काही झालं नाही, मग आता काय घाई आहे?"

जमादारांनी सावधान उभं राहून, जसं घडलं तसं सांगितलं. "साहेब, मी एक गेम खेळतो. त्यात मानूस चूप बसला का लाल पट्टी उतरते. हा मानूस चौतीस वर्सं चूप बसला हाय. ह्याची काहून उतरत नाई?"

मी जमिनीकडे पाहिलं. आता आम्हाला बाहेर काढणार याची मला खात्री होती. ठाणेदारांनी पेन खाली ठेवलं. "कोणता गेम? जहाजांचा?" मग आवाज जरा हळू करून, "दक्षिणेच्या किल्ल्यापाशी दोन शिकारी जहाजं मागे लागतात, तिथून तुम्ही कसे निघालात?"

"उथळ पान्यात घेतलं साहेब. मोठं जहाज तिथं येत नाई."

ठाणेदारांनी मान हलवली, अर्ज वाचला, दोनदा वाचला, आणि प्रस्ताव वर पाठवायचं कबूल केलं. चौतीस वर्षांच्या सद्वर्तनाला जे जमलं नव्हतं ते उथळ पाण्यानं केलं. मात्र कागद वर जायला आणि खाली यायला वेळ लागतो. जमादार दर सोमवारी चौकशीला जाऊ लागले. ज्या बाकावर त्यांनी लोकांना बसवलं त्याच बाकावर आता ते बसायचे. नवी पोरं त्यांना ओळखत नव्हती. एका शिपायानं सहानुभूतीनं विचारलं, "काका, कोणत्या केसमध्ये?"

ठाणं भाजीबाजाराच्या वाटेवर होतं, आणि आमच्या कॉलनीला डोळे होते. महिनाभरात बातमी पसरली की तायडे जमादारांना दर सोमवारी चौकशीला बोलावतात. कोणी म्हणालं जुनं प्रकरण निघालं. कोणी म्हणालं पेन्शन थांबणार. ते बाहेर पडले की ओट्यावरची बोलणी थांबायची. कुसुमकाकूंना एका बाईनं हळदीकुंकवात विचारलं, "वकील चांगला केला नं?" त्या घरी येऊन रडल्या.

मी चिडलो. म्हणालो, "काका, चार लोकांना बोलावून खरं काय ते सांगून टाका. नाहीतर मी सांगतो."

"सांगू नका," ते म्हणाले. "चार लोकाईले सांगतलं का ते पह्यले वासुदेवचं नाव घेतील. 'तो रसवाला गुंडा होता म्हने.' त्याच्या गिऱ्हाइकाईले आजवर हे माईत नाई." मग मिशीवरून बोट फिरवत, जवळजवळ मजेत, "माही पट्टी वाढू द्या. दोघाईची एकदम उतरत नाई."

हा माणूस खेळात लाल पट्टी अर्ध्यावर आली की आठ दिवस खाडीत लपायचा. आता रोज संध्याकाळी मुद्दाम बूट घालून, ओट्यासमोरून, ताठ मानेनं फिरायला जाऊ लागला. कॉलनीनं त्याचाही अर्थ काढला. निगरगट्ट.

हुकूम गणपती बसल्यावर आला. वासुदेव टेकाडेचं नाव रजिस्टरातून बंद. जमादारांनी जाऊन त्याला कागद दिला. वाचता वाचता वासुदेवनं तो दोनदा पुसला, ओल्या हातांमुळे डाग पडला म्हणून.

विसर्जनाच्या सकाळी आम्ही दोघं त्याच्या वस्तीत गेलो, त्याची लेझीम बघायला. वासुदेव घरी नव्हता. बायको म्हणाली, "ते तं सकायीच गेले. डबा घेऊन." जमादारांना उमगलं. आम्ही ठाण्यावर गेलो. वासुदेव कडुनिंबाखाली पंचा अंथरून बसला होता. शिपाई त्याला समजावून थकला होता की तुमचं नाव यादीत नाही, घरी जा.

"माईत हाय नाई म्हनून," वासुदेव म्हणाला. जरा ओशाळला होता. "पाय इकडंच आले, साहेब. तिकडं मिरवनुकीत उभं कुठं राहाचं, तेच मले समजून नाई राहिलं."

जमादार पुढे झाले. बूट काढून त्या पंच्यावर त्याच्या शेजारी बसले. डबा दोघांनी मिळून खाल्ला. भाकर आणि मिरचीचा ठेचा होता. मग त्याचा हात धरून त्याला उठवलं, आणि मिरवणुकीत नेऊन उभं केलं. वासुदेव खेळला नाही. छपन्नाव्या वर्षी गुडघे ऐकत नाहीत. पण शेवटपर्यंत चालला.

त्याच हिवाळ्यात तायडे जमादार गेले. सकाळी दूध आणायला म्हणून निघाले आणि कोपऱ्यावर कोसळले. मी अमरावतीला बदली होऊन नुकताच गेलो होतो. निरोप मिळाला तसा पहिल्या बसनं आलो. घरासमोर कॉलनी जमली होती. माणसं हळू आवाजात बोलत होती. मिश्रा नावाचे एक निवृत्त बँकवाले माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आदमी अच्छा था. पण शेवटी ते चौकशीचं टेन्शन घेतलं ना. सहन झालं नाही."

कोपऱ्यात वासुदेव उभा होता. दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता, लहान मुलासारखा. त्याला कोणी ओळखत नव्हतं. मिश्रांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "त्याच केसमधला दिसतो हा."

मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकणार होतो, पहिल्यापासून, जहाजासकट. पण दारातून कुसुमकाकू माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी मिश्रांचं बोलणं ऐकलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली, नाही म्हणून. मग त्या आत गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि जमलेल्या सगळ्यांना ओलांडून सरळ वासुदेवजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"पानी प्या भाऊ," त्या म्हणाल्या. "पुढं तुमाले खांदा द्याचा हाय."