उसना मामा

आज भिवंडीत जेवढी तोंडं जेवतात, त्यांतल्या निम्म्यांत पहिला घास माझ्या मेहुण्याच्या हातचा गेलेला आहे, आणि ह्यात कुणाला शंका असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं. उष्टावणाला बाळाच्या मामानं खीर भरवायची, ही रीत. पण आमच्या नारपोलीच्या वस्तीत लांबून पोट भरायला आलेल्या बाया कुठं आणि त्यांचे भाऊ कुठं! मग हाक यायची, "मामू, आज बच्चे को खीर चटानी है." की हा कापडाच्या लूमवरची शिफ्ट बदलून हजर. त्या दिवशी तंबाखू बंद, नखं रक्त येईस्तोवर कापलेली, आणि गोडी बघतो म्हणून अर्धी वाटी खीर आधी स्वतःच्या पोटात. मिक्सरवर तर त्याचा दातच. एका आईनं मऊ भात मिक्सरातून फिरवून आणला, तर म्हणाला, "बाय, ही खळ झाली. ही सुताला लावतात, पोराला न्हाय."

पण माणसानं काम असं धरलं की ज्याची आठवण कुणालाच राहत नाही. पहिला घास कुणाला आठवतो? एकदा निजामपुऱ्यात एक रिक्षावाला अंगावर येऊन ओरडला, "ए बुड्ढे, मरना है क्या?" हा तिथंच उभा राहून मला म्हणतो, "भावोजी, ह्याला मी भरवलाय. तवा पन असाच तोंडावर थुकला व्हता." मी हसलो. तो हसला नाही. त्याला स्वतःचं पोर नाही. एकुलती बहीण, म्हणजे माझी बायको, तीही गेली. कुणाचा तरी मामा असणं, एवढंच हाताशी उरलं होतं, आणि गेल्या साली तो हातच थरथरायला लागला. पेला ओठाला लागेपर्यंत अर्धं पाणी छातीवर.

तशात माझ्या लेकीच्या मुलाचं उष्टावण आलं. खरा मामा, म्हणजे माझा पोरगा, सौदीला ड्युटीवर. लेक म्हणाली, "त्याला मोबाईलवर दाखवू. भरवायला माझा मामाच पाहिजे." मी म्हटलं, "त्याचा हात बघितलास का?" तर मलाच, "बघितलाय. तुम्ही गप बसा." आणि हा शहाणा सकाळपासून मोरीत बसून चमच्यात पाणी घेऊन तालीम करत होता. नवा सदरा घालून आला. पहिला चमचा बाळाच्या गालावर, दुसरा सदऱ्यावर, तिसरा हिरडीला लागला आणि पोरानं घर डोक्यावर घेतलं. लेकीनं बाळाला फक्त बोटभर मागं घेतलं. तेवढं ह्यानं बघितलं आणि वाटी खाली ठेवली. "तूच भरव, बाय." ती भरवायला लागली. बाळानं आ केला, तसं समोर बसलेल्या ह्याचंही तोंड आपसूक उघडलं. लेकीनं पुढचा चमचा त्याच्या तोंडात घातला. एवढीशी खीर गिळून तो उठला. चहाला थांबला नाही.

परवा मी त्याच्याकडे बसलो होतो. गल्लीतली एक बाई दारात आली. तिच्या थोरल्याला ह्यानंच भरवलेलं, आता धाकट्यासाठी बोलवायला आली होती. हा हात पाठीमागं धरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मामू गाँव गया है."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पदर सावरून म्हणाली, "अच्छा. आए तो बोलना, हम रुकेंगे."