तोंडी चालवलेला प्रोग्राम

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत सुकदेवभाऊंचा कॉम्प्युटर क्लास होता. विद्यार्थी तीस, कॉम्प्युटर दोन आणि लाईट तिच्या मर्जीची. तिथे लीलाधर चौधरी सर नऊ वर्षं कोबॉल ही कॉम्प्युटरची भाषा शिकवत होते. मशीनसाठी ताटकळत बसायचं नाही, हा त्यांचा खाक्या. प्रोग्राम कागदावर लिहायचा, एकाने ओळ मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने ती सांगेल तसे फळ्यावर आकडे लिहायचे-पुसायचे. याला सर ‘तोंडी चालवणं’ म्हणत.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको कमलबाई गेली. सर रडले नाहीत. तेरावं उरकून दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहिले, तेही कोरडेच. सावद्याहून भाऊ केळी पाठवी, ती टोपलीतच काळी पडत. मात्र टपरीवर क्लासमधलाच पितांबर नावाचा तरुण मास्तर तो शिकवत असलेल्या ‘सी’ भाषेचं कौतुक करू लागला, की सरांच्या अंगात वारं शिरे.

“तुझी तीन ओळींची करामत तीन महिन्यांनी तुलाच वाचता येणार नाही. माझा प्रोग्राम माझ्या शेतकरी भावाला वाचून दाखव, त्याला अर्थ लागतो.”

“लागतो, सर. पण वाचून होईस्तोवर त्याचा घड पिकून जातो.”

घरी जेवताना सर हा वाद पहिल्यापासून पुन्हा सांगत. मुलगी हेमलता त्यांच्याच वर्गात होती. बाप अजून जिता आहे, हे तिला तेवढ्यावरूनच कळे.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात सुकदेवभाऊंनी सांगून टाकलं, दोन मशीनवर दोन भाषा जमत नाहीत. रविवारी दोघांनी मुलांसमोर बोलावं, मुलं हात वर करतील आणि एकच वर्ग राहील.

रविवारी दुपारी पितांबरने धुळ्याच्या पाच दिवसांच्या तापमानातलं सर्वांत जास्त शोधायचा प्रोग्राम मशीनवर लावला आणि लाईट गेली. तो गडबडला. सर बसल्या जागेवरून म्हणाले, “मशीन बंद, की सी मुकी. चिन्हांची भाषा तोंडी चालत नाही.” मागच्या बाकावरचा पंडित मान डोलावत पुटपुटला, “सरनं बरोबर शे.”

तेवढ्यात हेमलता उठली. पितांबरच्या वहीतून एकेक ओळ मोठ्याने वाचत तिने फळ्यावर आकडे लिहायला सुरुवात केली. बेचाळीस. मग चव्वेचाळीस. तिसरा आकडा त्रेचाळीस, म्हणजे लहान होता, तरी तिने चव्वेचाळीस पुसून तोच लिहिला. शेवटी पंचेचाळीस आले. उत्तर बरोबर होतं, त्यामुळे मधली चूक कोणाच्या ध्यानात आली नाही. टाळ्या पडल्या.

सरांच्या ध्यानात आली. कोबॉलमध्ये मोठं की लहान हे शब्दांत लिहिता येतं. इथे सगळं एका चिन्हावर, आणि वर्गातली सर्वांत हुशार मुलगी त्याच चिन्हावर घसरली. उठून एवढंच म्हणायचं होतं. पण उठावंसं वाटेना. जिंकून काय करायचं, तेही आठवेना. ते फळ्याकडे बघत राहिले. दोन सोडून सगळे हात पितांबरसाठी वर गेले.

संध्याकाळी हेमलता भाकरी थापत होती. सर दारापाशी बसले होते.

“नाना, तिसऱ्या आकड्याला मी मुद्दाम चुकले.”

“का?”

“तुम्ही पकडाल म्हणून. चिडाल, मला सगळ्यांदेखत झापाल, त्याच्याशी भांडाल. तुमचा वर्ग वाचेल.” तिने तव्यावरची भाकरी उलटली. “तुम्हाला दिसलंच नाही?”

“दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

सरांनी खरंच शोधून पाहिलं. सांगण्यासारखं काहीच सापडलं नाही. पिठाच्या हातांनीच तोंड झाकून हेमलता रडायला लागली. अशा वेळी पोरीच्या पाठीवर हात ठेवायचा असतो, हे सरांना ठाऊक होतं. ते दारापाशी बसून राहिले.