मार्सालीचं नाव

उत्तरेकडच्या आमच्या पोर्टदारख गावच्या मातीत लोखंडाचा कणसुद्धा नव्हता. होती ती ओकची रानं, बारमाही ओढा आणि जहाज आतपर्यंत येईल एवढी खोल खाडी. एवढं बघून दक्षिणेकडून इंग्रज आले आणि भट्टी बांधून मोकळे झाले. लोखंडाचा दगड जहाजातून यायचा, आमच्या ओकचा कोळसा पाडून त्यावर वितळायचा आणि लोखंड होऊन परत जहाजात चढायचा. तोफेचे गोळेही ओतले आम्ही. ते कुणाच्या डोक्यात पडले ते देवाला ठाऊक. आमच्या वाट्याला धूर, राख आणि ओटची पेज. तरी सव्वाशे वर्षं या वेड्या गावाने त्या भट्टीला घरातल्या माणसासारखं जपलं.

टॉर्किल त्या भट्टीचा ओतारी. त्याचा आजा रानात कोळसा पाडायचा, बाप भाता सांभाळायचा, पण टॉर्किलच्या हाताला वाळू कळायची. मूठभर वाळू दाबून तो सांगायचा, साचा धरेल की ढासळेल. वाळूत उलटं केलं तर लोखंडात सुलटं येतं, हे म्हाताऱ्या ओताऱ्याने त्याला लहानपणी कानाखाली वाजवून शिकवलं होतं, त्यामुळे ते तो कधी विसरला नाही. अक्षर मात्र एक येत नव्हतं. तोफेच्या गोळ्याला अक्षर कशाला लागतं?

त्याची बायको बेहाग वाचायची. रोज सकाळी पेज चुलीवर ठेवून बायबलचं एक पान मोठ्याने वाचायची. "शिक की रे तूही," असं ती म्हणाली की टॉर्किल म्हणायचा, "तू वाचतेस, मी ऐकतो. दोघांनी वाचलं तर देव काय दोनदा बोलणार आहे?"

त्यांना एकच मुलगी, मार्साली. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर झालेली. बापासारखी दांडगी आणि आईसारखी फटकळ.

भट्टी बंद होणार, असं ज्या शरदात भट्टीच्या इंग्रज साहेबाने सांगितलं, त्याच शरदातली गोष्ट. शेवटचे दोन महिने उरले होते आणि कोळसा कमी पडत होता. खाडीपलीकडे रचून ठेवलेला होता, तो आणायला होडी निघाली. वल्ह्यांवर दोघं होते, तिसरं माणूस हवं होतं. टॉर्किल मार्सालीला म्हणाला, "एवढी खेप घेऊन ये."

"बाबा, वारा बघितलास का?"

"वारा काय आज पहिल्यांदा सुटलाय? जा गं, भट्टी उपाशी आहे."

ती गेली. येताना होडी काठोकाठ भरलेली होती. खाडीच्या मध्यावर ती उलटली. वल्हेवाले दोघं होडीच्या पाठीला धरून वाचले. मार्साली तिसऱ्या दिवशी सापडली. लाकडाचा कोळसा पाण्यावर तरंगतो. महिनाभर तो काठाला लागत राहिला, आणि बायका तो वेचून चुलीसाठी नेत राहिल्या. त्यांना नावं कशी ठेवणार? थंडीचे दिवस होते. पण टॉर्किल त्या काठाने जायचा बंद झाला.

कबरीवर लाकडाची फळी लावली होती. आमच्या पावसात फळी टिकून टिकून किती टिकणार? टॉर्किल साहेबाकडे गेला आणि म्हणाला, शेवटच्या धारेतलं एका लादीपुरतं लोखंड मला द्या. साहेब कधी नव्हे तो लगेच हो म्हणाला.

मग टॉर्किल लॅमंट मास्तरांच्या दारात उभा राहिला.

"मास्तर, पोरीचं नाव लिहून द्या. ठसठशीत अक्षरात."

"आणि तारीख? वय? एखादं वचन?"

"नाव पुरे. जाणाऱ्यायेणाऱ्याने थांबावं आणि ते नाव तोंडाने घ्यावं, एवढंच. नाव घेणारं कुणी असलं की माणूस पुरतं जात नाही, मास्तर. पाण्यात मीच ढकललं तिला. निदान नाव तरी वर ठेवतो."

लॅमंट मास्तर फार सज्जन माणूस, तिथेच घात झाला. त्यांनी विचार केला, याला बिचाऱ्याला वाचता येत नाही, हा अक्षरं उलटी कशी करणार? म्हणून त्यांनी आरसा घेतला आणि नाव आपणच उलटं लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी कागद हातात देताना म्हणाले, "सगळं नीट करून दिलंय बरं का. तू नुसतं वाळूत उतरव."

'नीट' म्हणजे सुलटं, असं टॉर्किलने धरलं. कुणीही धरलं असतं! त्याने कागद वाळूवर पालथा घातला, अक्षरांच्या कडेकडेने दाभणाने टोचलं आणि मग एकेक अक्षर कोरून काढलं. मास्तरांनी उलटं केलेलं ओताऱ्याने पुन्हा उलटं केलं, म्हणजे वाळूत सुलटं आणि लोखंडात उलटं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. दोन दिवस तो साच्यावरून उठला नाही. पोरीचं नाव लोखंडाआधी कुणी बघायचं नाही म्हणून त्याने वर पाट झाकून ठेवला. कुणी बघितलं असतं तर फार बरं झालं असतं.

भट्टीचं तोंड शेवटचं फोडलं तेव्हा सगळा गाव जमला होता. त्यातली पहिली धार टॉर्किलने आपल्या साच्यात घेतली. तासा-दोन तासांनी भाता थांबला. उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी ओसरलं की तो दरवर्षी थांबायचा, पण हे थांबणं निराळं आहे, हे लहान मुलांनाही कळत होतं.

रविवारी चौघांनी लादी पालथी उचलून कबरीवर नेली आणि तिथे उलथली. टॉर्किलने बाहीने पुसून ती लखलखीत केली. गावात वाचता येणारे सहा-सात जण असतील. मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. कुणीतरी "अरे, हे तर..." असं बोलायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात बेहाग पुढे झाली. तिने लादीवर हात ठेवला आणि मोठ्याने वाचलं, "मार्साली." मग मान वर करून सगळ्यांकडे एकदा बघितलं. पुढे अकरा वर्षं त्या गावात कुणाची जीभ सैल सुटली नाही, आणि आमच्या गावाच्या जिभा काय आहेत ते मला विचारा.

"नीट आलंय ना गं?" टॉर्किलने विचारलं.

"तिला वाचता येईल," बेहाग म्हणाली.

दुःखाने बाई काहीबाही बोलते, असं टॉर्किलला वाटलं.

परतताना मास्तर तिच्यामागे गेले आणि रडायलाच लागले. ती म्हणाली, "रडायचं तर घरी जाऊन रडा, मास्तर. त्याला कळलं तर तो आज खाडीत उतरेल. आणि दुसरं ओतायचं कशात? भट्टी विझली." हे मास्तरांनी स्वतः मरताना सांगितलं, म्हणून आम्हाला ठाऊक.

भट्टीनंतर टॉर्किल हेरिंग मासळीच्या जाळ्यांवर जाऊ लागला. दर रविवारी दोघं कबरीवर जायची. तो शेवाळ खरवडायचा, गंज चढू नये म्हणून माशाचं तेल चोळायचा. मग डावीकडून उजवीकडे एकेका अक्षरावरून बोट फिरवायचा, आणि बोट शेवटाला पोचलं की बेहाग म्हणायची, "मार्साली." एका सकाळी त्याने चुलीपुढची राख हाताने सपाट केली आणि बोटाने तिच्यात ते नाव काढलं, अगदी जसंच्या तसं.

"बघ, बघ! मला लिहिता येतं."

"वा रे माझ्या मास्तरा," बेहाग म्हणाली आणि बादली रिकामी नव्हती तरी ती उचलून पाण्याला गेली. बराच वेळ आलीच नाही.

अकराव्या वसंतात बेहाग छातीच्या दुखण्याने गेली. टॉर्किल आता अगदी वाकला होता. तिला मार्सालीशेजारीच ठेवलं. दगड कोरायला खाडीपलीकडून सॉर्ली नावाचा पाथरवट आला. तो परका, त्याला कोण काय सांगणार? लादी बघितल्याबरोबर तो खो खो हसला.

"हे कुठल्या गाढवाचं काम, म्हातारबा?"

"माझं."

 सॉर्लीने विषय बदलून बघितला, पण टॉर्किलने त्याची बाही सोडली नाही. शेवटी सॉर्लीने दगडावर खडूने नाव सरळ लिहून दाखवलं. टॉर्किलने दोन्हींवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. काही अक्षरं सारखीच होती. बाकीची तोंड फिरवून बसली होती.

"म्हणजे हे कुणालाच वाचता आलं नाही? अकरा वर्षं?"

"नेटाने बसलं तर येईल की," सॉर्ली पुटपुटला. "पण येताजाता कोण एवढं बघतं?"

"बेहाग रोज बायबल वाचायची."

"मग त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असणार."

टॉर्किल खाली गवतात बसला. पोरीला पाण्यात ढकललं, नाव दिलं तेही उलटं, आणि बायकोने अकरा वर्षं ते एकटीने गिळलं. दर रविवारी. राखेतलं ते नाव बघून वा म्हणाली होती ती!  सॉर्लीने डोक्यावरची टोपी काढली.

मग टॉर्किलने लादीकडे बघत विचारलं, "हे खालून कसं दिसेल रे?"

"खालून?"

"आत असलेल्या माणसाला. लादीतून आरपार दिसलं तर."

सॉर्लीने लादीकडे बघितलं, मग हवेत बोट फिरवून बघितलं. "खालून तर सरळच दिसेल, म्हातारबा."

"तिला वाचता येईल," टॉर्किल म्हणाला, आणि तेव्हा कुठे तो रडला. लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून.

डोळे पुसून झाल्यावर तो म्हणाला, "बेहागचंही उलटंच कोर."

"लोक मला हसतील हो!"

"हसू देत. तिला वाचता येतं. वरच्यांसाठी नाहीच ते."

सॉर्ली कुरकुरला, पण बसला कोरायला. टॉर्किल लादीपाशी सरकला. "मार्सालीचं पहिलं अक्षर कुठलं?"

सॉर्लीने त्याचं बोट धरून उजव्या टोकाला नेऊन ठेवलं. अकरा वर्षं टॉर्किल त्या अक्षरापाशी थांबत आला होता. आता तो तिथून निघाला, उजवीकडून डावीकडे, सावकाश. बोट शेवटाला पोचलं तसा तो सवयीने थांबला. मग नाव घेणारं शेजारी कुणी नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो आपणच मोठ्याने म्हणाला, "मार्साली."