जाळी निथळेपर्यंत

तायडे डॉक्टरांकडे रविवारी गेलं की माणसाच्या आधी थेंबाचा आवाज भेटायचा. दारापुढच्या निंबाला तारेनं टांगलेली त्यांच्या फटफटीची जाळी, खाली रिकामा डबा, आणि डब्यात पडणारं तेल. टप्. मग बऱ्याच वेळानं पुन्हा टप्. डॉक्टर स्टुलावर, मान जराशी कलती करून, नाडी पाहत असल्यासारखे बसलेले. मी बोलायला तोंड उघडलं की हात वर करत. "थांबा गुरुजी. तिचं बोलनं होऊन जाऊ द्या."

डॉक्टर गुरांचे. नेमणूक भातकुलीला, बिऱ्हाड अमरावतीत, बडनेऱ्याच्या रस्त्यावर रेल्वे फाटकाला लागून. मी भातकुलीच्या शाळेत मास्तर होतो आणि राहायला अमरावतीतच. रोज सकाळी त्यांच्या मागं बसून जायचो, संध्याकाळी तसाच परत. फटफटी लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेली, आवाज असा की शाळेतली पोरं तो ऐकूनच रांगेत उभी राहत. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की त्या रस्त्यावरची काळी माती पिठासारखी उडायची. वरून कापसाचे तंतू. हे सगळं इंजिनानं ओढून घेऊ नये म्हणून हवेच्या वाटेवर ती तारांची गोल जाळी. घासलेटात धुवायची, वाळवायची, तेलात बुडवायची आणि निथळू द्यायची. ओल्या तारांना धूळ चिकटते आणि इंजिनात स्वच्छ हवा जाते. गाड्यांच्या दिवसांत हे दर रविवारी करावं लागे. रोज फुकट बसतो, तेवढी मदत करावी, म्हणून मी जायला लागलो.

सुरुवातीला एकदा घाई केली. थेंब पडत असतानाच जाळी उतरवून बसवली, डॉक्टर आत चहा गाळत होते. दुसऱ्या दिवशी भातकुलीच्या वेशीवरच फटफटी खोकायला लागली, मागं जळक्या तेलाचा निळा धूर. पारावरचा एक म्हातारा ओरडला, "डाक्तर, फटफटी बिडी पिऊन राहिली काय?"

"मी नाही पाजली बाप्पा," डॉक्टर म्हणाले, "गुरुजीनं पाजली."

तेव्हापासून जाळी टांगली की थेंब थांबेपर्यंत उठायचं नाही, असा नियमच झाला. एरवी डॉक्टर कमी बोलत, पण थेंब लांबत गेले की मात्र बोलायचे. गोठ्यातल्या गोष्टी, लहानपणच्या, अंजनगावकडच्या. लग्न का केलं नाही, असं मी एकदा विचारलं. "मुलीचे बाप म्हनत, डाक्टर जावई पायजे. मी गेलो की विचारत, कोनाचे डाक्टर? गुरांचा म्हटलं की म्हनत, मंग थांबा जराक." स्वतःच हसले. "अजून थांबूनच राहिलो."

त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. छप्पन सालानंतर आली होती. तिच्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. विचारायचं नाही, हे आम्हा लोकांना फार लहानपणी समजतं.

भातकुलीकडे मी शाळा सुटल्यावर त्यांच्यासोबत गोठ्यांत जात असे. बैलाला हात लावायला, त्याच्या तोंडात हात घालायला त्यांना कोणी अडवलं नाही. काम झालं की चहा यायचा. माझा घरातून, बशीसकट. त्यांचा कान तुटलेल्या कपात, तो कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असे. डॉक्टर चहा पीत, रांजणाजवळ उभे राहत, घरचं कोणी वरून पाणी घाली, ते कप विसळत आणि होता तिथं खोचून ठेवत. परतताना एकदाच म्हणाले, "बैल काई विचारत नाही ना गुरुजी, म्हनून बैलाचा डाक्टर झालो." फटफटीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. आलं होतं.

त्यांच्या घरी दोन कप होते, दोन्ही निळ्या काठाचे. पहिल्या रविवारी त्यातला एक माझ्यापुढं ठेवून ते जाळीकडं बघत बसले. मी कप उचलेपर्यंत माझ्याकडं पाहिलंच नाही. मी चहा प्यालो. मग ते वळले आणि म्हणाले, "साखर बराबर हाये ना?"

माझं लग्न अकोल्याला ठरलं. सासरे जमीनदार माणूस, बोलायला मऊ. अमरावतीला आले असता एका दुपारी पान लावता लावता म्हणाले, "जावईबापू, फटफटीवर बसता, त्याचं काही नाही. सडकेवर मानूस कोनाच्याही मांगं बसते. पन रईवारचं ते चहापानी म्हनतात..." पान माझ्या हातात दिलं.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. मी कागदी फिल्टर आणला.

आजवर ही गोष्ट मी दोन-तीन जणांना सांगितली, ती डॉक्टरांच्या सोयीसाठी फिल्टर आणल्याची. ते खरं नाही. मी त्यांची पाठ असताना सुतळीनं जाळीचं माप घेतलं. अकोल्यात मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ती सुतळी दाखवली. दुकानदारानं घड्या घातलेल्या कागदाचा गोल फिल्टर काढून दिला. म्हणाला, जाळीतून सुटते ती बारीक धूळही हा अडवतो. धुणं नाही, तेल नाही, निथळणं नाही. मळला की काढून फेकायचा, नवा बसवायचा. मला तेवढंच हवं होतं. रविवार न लागणारा फिल्टर.

डॉक्टरांनी तो हातात घेऊन फिरवला. उजेडापुढं धरून घड्यांतून पाहिलं, फुंकर मारली. मी दुकानदाराचं सगळं बोलणं घडाघडा म्हणून दाखवलं.

"चांगला हाये," ते म्हणाले. "जाळीपेक्षा बारीक गाळत असन हा." मग फिल्टर खाली ठेवत, "म्हंजे आता तुमाले रईवारी यायचं काम नाही."

"तुमचाही त्रास वाचेल."

"हो ना. माहाही वाचन." माझ्याकडं नीट पाहिलं त्यांनी. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "चहा ठेवू, का घाई हाये?"

"घाई आहे जरा," मी म्हणालो.

"मंग निघा. हे मी बसवून टाकतो."

लग्नानंतर मी खटपट करून अकोल्याच्या शाळेत बदली घेतली. त्याआधी रोज त्यांच्या मागं बसणं चालूच होतं, कारण सडकेवरचं सासऱ्यांना चालत होतं. एकदा मी विचारलं, फिल्टर कसा आहे. ते पुढं बघतच ओरडले, "एक नंबर! काईच करा लागत नाही!" मला बरं वाटलं. किती सहज बरं वाटलं, त्याची आता लाज वाटते.

अकोल्यात माझं सगळं ठीक चाललं. रविवार मात्र अंगावर यायचा. घरात माणसं असत, सासऱ्यांकडं पंगती असत, पण ज्याच्यापुढं गप्प बसता येईल असं कोणी नव्हतं.

काही वर्षांनी एका रविवारी मी आणि बायको नातलगाच्या लग्नाला अमरावतीला चाललो होतो. कापसाचे दिवस होते. बडनेऱ्यापुढं फाटक लागलं आणि बस नेमकी त्या घरासमोर थांबली. मी खिडकीशी होतो. निंबाला जाळी टांगलेली होती.

आधी ती कशाची ते माझ्या लक्षातच आलं नाही. मग खालचा डबा दिसला. डब्याजवळ दोन स्टुलं, एकावर डॉक्टर, केस पांढरे झालेले, मान तशीच कलती. दुसऱ्यावर निळ्या काठाचा कप. कागदी फिल्टर त्यांनी कधी बसवलाच नाही, की बसवून काढून टाकला, मला माहीत नाही. काईच करा लागत नाही, असं ते माझ्यासाठी म्हणाले होते, एवढं मात्र त्या खिडकीत समजलं.

त्यांनी बसकडं पाहिलं. हात वर केला. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून, की मला ओळखून, तेही मला सांगता येत नाही. मी मान आत घेतली.

"कोन हायेत वो ते?" बायकोनं विचारलं. "वळखीचे दिसतात."

"कोणी नाही," मी म्हणालो.

मालगाडी होती. लांब होती. फाटक बराच वेळ बंद राहिलं. उतरून, दोन शब्द बोलून, चहा घेऊनसुद्धा परत बसमध्ये येता आलं असतं. बंद इंजिनाच्या बसमध्ये मला तो थेंब ऐकू येत होता, असं म्हटलं तर ते खोटं होईल. लोक बोलत होते, एक मूल रडत होतं. पण मी ऐकायचा प्रयत्न करत होतो, हे खरं आहे.

डॉक्टर गेले ते मला भातकुलीच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं, तेही उशिरा, अकोल्याच्या बाजारात, भाजी घेताना. तापानं गेले. घरी एकटेच होते. ज्यांच्या गोठ्यांत ते जात, त्यांतले काही लोक मयतीला आले होते म्हणे.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. सुतळीचं, तिच्या वडिलांच्या पानाचं, बसचं. ती तांदूळ निवडत होती. वडिलांचं नाव आलं तशी तिची बोटं थांबली. मला वाटलं, ती बापाची बाजू घेईल, किंवा झालं ते झालं म्हणेल.

तिनं सूप खाली ठेवलं.

"मी विचारलं होतं ना तुमाले," ती म्हणाली, "कोन हायेत म्हनून. तुमी नाव सांगतलं असतं, तर मीबी उतरली असती."