स्टीनक्रीकच्या फळीवरची तिसरी ओळ

स्टीनक्रीकच्या मधल्या शाळेच्या दाराशी एक लाकडी फळी टांगलेली आहे. वरच्या ओळीत ‘आपली मुलं’, खालच्या ओळीत ‘मिशिगन राज्य’, आणि दोन्ही ओळींपुढे वर्षाची शेकडा हजेरी. तेवीस वर्षं वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा राहिला. मक्याची शेतं मोडून नवी घरं उठली. ती घ्यायला आलेली माणसं दलालाची गाडी आधी शाळेपाशी थांबवतात, फळी वाचतात आणि मग घर बघायला जातात.

तो वरचा आकडा आर्डिथ व्हँडरकोल्क या बाईचा. तसं ती कधी म्हणाली नाही, पण गावाला ठाऊक आहे.

आर्डिथ गावच्या तिन्ही शाळांची हजेरी सांभाळते. सकाळी खुर्चीत बसली की आधी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं, मग तोंडात पेपरमिंटची एक पांढरी गोळी टाकायची. चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की बाकावरून हातोहात फिरते, तीच गोळी. ती विरघळेपर्यंत तिन्ही शाळांचे कागद टेबलावर आलेले असतात. जे मूल आलेलं नाही, त्याच्या घरी ती स्वतः फोन करते. मशीनने फोन करायची सोय शाळेने केव्हाच आणली होती. आर्डिथ म्हणाली, “मशीनचा फोन कुणी उचलत नाही. माझा उचलतात. नाही उचलला, तर रविवारी मी पुढच्याच बाकावर असते ना!”

गेल्या वर्षी डॉक्टर अ‍ॅकली तिन्ही शाळांचे नवे अधीक्षक म्हणून आले. माणूस हुशार आणि मेहनती, पण मोठ्या शहरातला. आल्या आल्या त्यांनी सुट्ट्यांची यादी काढली आणि नोव्हेंबरच्या पंधरा तारखेवर काट मारली.

पंधरा नोव्हेंबर हा हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. स्टीनक्रीकची शाळा त्या दिवशी कधी उघडलीच नव्हती.

“राज्यात शाळांच्या बाबतीत जे वरचे दहा जिल्हे आहेत,” अ‍ॅकली म्हणाले, “त्यांतला एकही हरणासाठी शाळा बंद ठेवत नाही.”

“साहेब, त्या दहा जिल्ह्यांत हरणंच नाहीत,” आर्डिथ म्हणाली.

साहेब हसले, पण काट तशीच राहिली.

नियम सरळ होता. दुपारी बाराच्या आत तीन चतुर्थांश मुलं शाळेत दिसली पाहिजेत. एवढी नसतील तर दिवस बाद, तो जूनमध्ये भरून काढायचा. शिवाय राज्याच्या तुलनेच्या कागदावर गावाच्या नावाखाली तशी टीप छापून येते. गावात मुलं अठराशे चाळीस, म्हणजे तेराशे ऐंशी हवीत. तेवीस वर्षांत स्टीनक्रीकच्या नावाखाली टीप आली नव्हती. आर्डिथला जूनचं काही नव्हतं. तिला त्या टिपेची धास्ती होती.

पंधरा नोव्हेंबरच्या पहाटे तिच्या नवऱ्याने, मर्लने, जुळ्या नातींपैकी डोरीला रानात नेलं. दुसरी, डेला, रक्त बघितलं की पांढरीफटक पडते, म्हणून ती शाळेत. दोघांचा कोकोचा थर्मास आर्डिथनेच भरून दिला.

“साडेअकराला पोरगी शाळेत पाहिजे,” तिने बजावलं.

“हरणाला घड्याळ दाखवू का?” मर्ल म्हणाला.

“हरणाला नको, स्वतः बघ.”

साडेनऊला कागद आले. बाराशे चौदा. एकशे सहासष्ट मुलं कमी, शिवाय सात शिक्षक अचानक आजारी. आर्डिथने दुसरी गोळी तोंडात टाकली आणि फोन ओढला. झाडावर मचाणात बसलेल्या माणसाला फोन करून फायदा नसतो, तो फोन बंद करूनच चढलेला असतो. घरी राहिलेल्या बायकांना गाठायचं.

“विल्मा, तुझी तीन नातवंडं कुठायत?”

“ताप आहे गं तिघांना.”

“केशरी जाकिटातला ताप ना? पहाटेची शिकार नऊला संपते, मला माहितेय. बाराच्या आत आणून सोड. चिखलाचे बूट चालतील. बंदुका मात्र घरीच ठेवा.”

“अगं, आमचा जावई, गस, ऐकायचा नाही.”

“गसला सांग, शाळेत असताना बाविसाव्यांदा दांडी मारलीस तेव्हा तुझ्या आईला मीच फोन केला होता. त्याला आठवेल.”

असे चाळीस-पन्नास फोन झाले. साडेदहापासून एकेक गाडी शाळेच्या दाराशी लागायला लागली. केशरी टोप्या, गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत वाळकी पानं. एक आजी तर घरातल्या सपाता घालूनच चार पोरं घेऊन आली. अकरा पन्नासला आर्डिथने बेरीज केली. पुन्हा केली. तेराशे ऐंशी. बरोब्बर.

अ‍ॅकलींना राहवलं नाही. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून तिन्ही शाळांना बातमी दिली. भिंतीपलीकडून पोरांचा असा कल्ला उठला की पेन्सिली घरंगळल्या.

आर्डिथ मात्र सहावीच्या एका कागदाकडे बघत होती. डेला बॉसमा, हजर. डोरी बॉसमा, हजर. तिच्या खिडकीवरून सकाळपासून कितीतरी गाड्या गेल्या होत्या, मर्लची गेली नव्हती.

ती उठून वर्गावर गेली. डेला बाकावर एकटीच बसली होती, शेजारची जागा रिकामी. बदली आलेली तरुण शिक्षिका गोंधळली. “मी नावं घेतली, हात वर होता.”

“माझाच होता आजी,” डेला म्हणाली. “माझं नाव घेतलं तेव्हा वर केला, डोरीचं घेतलं तोपर्यंत खाली केलाच नव्हता.”

आर्डिथ परत येऊन बसली. घड्याळात बाराला दोन मिनिटं होती. ती खिडकीतून रस्ता बघत राहिली. बाराची घंटा झाली तसं तिने खोडरबर घेतलं, तेराशे एकोणऐंशी लिहिलं आणि कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेली.

“एका पोरीसाठी?” अ‍ॅकली म्हणाले. “अहो, मी सगळ्यांना सांगून बसलोय! कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय. आणि तिच्या आजीलाही कळलंय.”

“आजीशी मी बोलतो. कोण आहे आजी?”

“बोलताय तिच्याशीच.”

साहेबांनी कागदावरचा खोडलेला आकडा पाहिला. मग त्यांनी ध्वनिक्षेपक पुन्हा सुरू केला आणि स्वतःच्या तोंडाने चूक सांगितली. त्या दिवशी गावाने त्यांना आपलं मानलं.

बारा वाजून सोळा मिनिटांनी मर्लची गाडी आली. डोरी धावतच आत. “आजी! आठ टोकांची शिंगं! मी मारलं, मी एकटीने!”

आर्डिथने तिला पोटाशी धरलं, केसांतलं पान काढलं आणि हजेरीत लिहिलं, बारा सोळा.

रविवारी चर्चमध्ये त्या दिवशी शिकारीला गेलेले सगळे खजील होऊन आपापल्या बुटांकडे बघत होते. प्रवचन सुरू झालं. मर्लने खिशातून गोळी काढून गुपचूप तिच्या तळहातावर ठेवली. घरी येईपर्यंत तो एवढंच म्हणाला, “घड्याळ बघायला हवं होतं.”

“हो,” आर्डिथ म्हणाली. “पण नेम चांगला शिकवलास.”

बाद झालेला दिवस जूनच्या मध्यावर आला. उकाडा मरणाचा, परीक्षा उरकलेल्या, तळ्यावर पोहायला गर्दी. अशा दिवशी कोण येणार? आर्डिथने फोन जवळ ओढून ठेवला होता. कागद आले. अठराशे सदतीस. तिघं नव्हती, तिघांनाही कांजिण्या. तिने फोन पुन्हा जागेवर सरकवला आणि नाक शिंकरलं. एवढी हजेरी तिच्या उभ्या नोकरीत कधी लागली नव्हती.

शरद ऋतूत राज्याचा तुलनेचा कागद आला. मिशिगन राज्य एक्क्याण्णव, स्टीनक्रीक पंचाण्णव. खाली बारीक अक्षरात टीप. एका दिवशी हजेरी तीन चतुर्थांशाहून कमी.

आर्डिथने पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं. दोन आकडे बदलून झाल्यावर म्हणाली, “आता खाली तिसरी ओळ.”

“आर्डिथ, आपलं उणं आपणच दारावर टांगायचं?”

“खालचं खरं लिहिलंय म्हटल्यावर लोक वरच्यावर विश्वास ठेवतात. लिही.”

नव्या यादीत पंधरा नोव्हेंबरला सुट्टी आहे. अ‍ॅकलींनीच लिहिली, आणि शेजारी हरणाचं चित्र काढलं, कुत्र्यासारखं दिसतं ते.

परवा घर बघायला आलेली एक बाई फळी वाचून आत आली. “तिसऱ्या ओळीत कमी म्हटलंय, ते किती कमी?”

“एक,” आर्डिथ म्हणाली.

“एक टक्का?”

“एक पोरगी.” आर्डिथने खिडकीबाहेर बोट दाखवलं. दोन बहिणी एकमेकींना ढकलत शाळेच्या बसमधून उतरत होत्या. “ती बघा, डावीकडची. आता रोज सर्वांत आधी येते.”